पाण्याचं सेलिब्रेशन

“मॅडम, वास नाई येऊन राहिला,” लॉनचे मालक शेषरावभाऊ म्हणाले.

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. समोर डोमाजी पाठीवर पंप घेऊन चालत होते. मी हातात घड्याळ धरून त्यांच्या पायांकडे बघत होते. तुषार गवतावर पडत होते आणि त्यांना खरोखरच कसलाही वास नव्हता.

“कशाचा वास, भाऊ?”

“दवाईचा. दवाई मारली की वास तं येतेच नं.”

“दवाई अजून टाकलीच नाही. नुसतं पाणी आहे.”

भाऊंनी पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग गेटकडे पाहिलं. गेटवर कोणी ओळखीचं उभं नाही ना, एवढं बघून घेतलं असावं.

“मतलब सकाळपासून पानीच मारून राहिले तुमी?”

“हो. कॅलिब्रेशन चाललंय.”

“सेलिब्रेशन तं, मॅडम, लगनाच्या दिवशी होईनच. आधी कचरा तं मारा.”

आमच्या भागात तणाला कचरा म्हणतात आणि तणनाशकाला कचऱ्याची दवाई. हे मला कळत होतं. कॅलिब्रेशनला काय म्हणतात, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते आमच्याकडे कोणी करतच नाही. त्यामुळे भाऊंचा शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करायचं मी टाळलं. ते पुढे महागात पडलं.

माझी ओळख द्यायची तर मी सौसरजवळच्या रामाकोन्याची. शेतकी कॉलेजात शिकले आणि नागपूरजवळच्या एका गोल्फच्या मैदानावर बरीच वर्षं गवत सांभाळलं. गोल्फ एकदाही खेळले नाही. माझे वडील कापसातली हरळी उपटता उपटता वाकून गेले, आणि तीच हरळी वाढवायचा मला पगार मिळत होता. त्यांना मी शेवटपर्यंत “ऑफिसात आहे” एवढंच सांगितलं. आता सौसरला राहते आणि लोकांची लॉनं बघते. बोरगावच्या कारखान्यांची, एकदोन शाळांची आणि लग्नाच्या लॉनांची.

लग्नाचं लॉन हे प्रकरण समजून घ्यायला हवं. आमच्याकडे लॉन म्हणजे लग्न लावायची जागा. तिथे गवत असेलच असं नाही. एका लॉनमध्ये पूर्ण फरशी आहे, एकात सिमेंटचे गट्टू बसवलेत, एकात तर नुसती मुरुमाची जमीन आहे, पण पाटीवर लॉनच लिहिलेलं. ज्या लॉनमध्ये गवत आहे तिथेही ते कोणाला दिसत नाही, कारण लग्नाच्या आदल्या दिवशी डेकोरेशनवाला येतो आणि त्यावर हिरवी मॅटिंग अंथरतो. खऱ्या हिरव्यावर खोटं हिरवं. मॅटिंग कशासाठी, तर पाहुण्यांच्या चपलांना गवत लागू नये म्हणून.

शेषरावभाऊ संत्र्याचे व्यापारी. रस्त्याला लागून त्यांचा बगीचा होता, त्यातली झाडं म्हातारी झाली तेव्हा त्यांनी ती काढली आणि लॉन केलं. गवत मात्र खरं लावलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण त्या गवतात मोथा शिरला. मोथा दिसतो गवतासारखा, पण गवत नाही. त्याची दांडी तीन धारांची, रंग जरा फिका, आणि वाढ अशी की आज कापला तर उद्या सकाळी बाकी गवताच्या वर डोकं काढून उभा. जमिनीखाली त्याच्या गाठी असतात. वरून उपटला की खालची गाठ आणखी दोन पोरं वर पाठवते.

आणि भाऊंच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. पल्लवी एकुलती एक. नागपूरला शिकली, परत येऊन लॉनचं बुकिंग सांभाळायला लागली. नवरदेव नागपूरचा. साखरपुड्याला नवरदेवाची आई आली होती. तिने लॉनवरून एक चक्कर मारली आणि म्हणाली, “छान आहे, पण गवत जरा रानातलं वाटतं.” हे वाक्य भाऊंच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून ते मोथ्याकडे व्याह्यांनी पाठवलेला हेर असल्यासारखे बघत होते.

पल्लवीचं म्हणणं वेगळं होतं. ती मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन बोलली.

“मॅडम, मी लहानपनापासून या लॉनमध्ये लोकाईचे लगन पाहून राहिली. त्या मॅटिंगचा वास माह्या डोक्यात बसला आहे. ओली झाली की वरनाचा वास येते, वाळली की चपलेचा. माह्या लगनात मले मॅटिंग नाई पाह्यजे. अंतरपाट धरला तेव्हा माह्या पायाखाली गवत पाह्यजे. एवढंच.”

एवढंच म्हणाली, पण डोळे भरले होते तिचे. लॉनच्या मालकाच्या पोरीला स्वतःच्या लग्नात गवत मागावं लागत होतं. ते काम मी घेतलं ते तिच्यासाठी, मोथ्यासाठी नाही.

आता कॅलिब्रेशन म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडे कुठलीही दवाई घेताना शेतकरी एकच प्रश्न विचारतो: “पंपाले किती?” दुकानदार सांगतो, एक झाकण, दोन झाकणं, एक पुडी. प्रश्नही सोपा, उत्तरही सोपं. फक्त त्यात एक गोष्ट राहून जाते. तो एक पंप किती जमिनीवर पडणार, हे कोणी विचारत नाही. तणनाशकाचं माप जमिनीचं असतं, पंपाचं नसतं. तुम्ही पळत चाललात तर एक पंप अर्ध्या मैदानाला पुरतो. रेंगाळलात तर एका खाटेएवढ्या जागेत संपतो. पुडी तीच, पण पहिल्या ठिकाणी मोथा हसतो आणि दुसऱ्या ठिकाणी हरळी जळते. म्हणून आधी साध्या पाण्याने चालून बघायचं. मोजलेल्या जागेत किती पाणी जातं ते कळलं, की तेवढ्या पाण्यात तेवढ्याच जागेची दवाई टाकायची. झालं कॅलिब्रेशन. यात सेलिब्रेशन करण्यासारखं काही नाही.

मी स्वयंपाकाच्या भट्ट्यांमागचा कोपरा निवडला. कोणाला न दिसणारा. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन, कडेला चुन्याची रेघ. आणि फवारायला डोमाजी.

डोमाजी पांढुर्ण्याकडचे. संत्र्याच्या फवारणीत त्या भागात त्यांच्यासारखा हात नाही, असं सगळे सांगतात, आणि सगळ्यात आधी डोमाजी स्वतः सांगतात. झाडाचं एकही पान कोरडं राहत नाही. पानाच्या खालच्या अंगाला, फांदीच्या बेचक्यात, सगळीकडे दवाई पोचते आणि पानाच्या टोकावरून थेंब टपकायला लागतो. थेंब टपकला की झाड झालं. संत्र्याला हे बरोबर आहे. गवताला हे बरोबर नाही.

चौकोनाला पाचेक लिटर पाणी पुरायला हवं होतं. डोमाजींनी पंधरा लिटरचा अख्खा पंप रिकामा केला आणि तरी एक कोपरा कोरडा राहिला.

“डोमाजी, हे तर आंघोळ घातल्यासारखं झालं.”

“पान टपकल्याबिगर फवारनी होतच नाई जी.”

“गवताचं पान टपकवायचं नाही. नुसतं ओलं दिसलं पाहिजे.”

“ओलं तं दवानंही होते, मॅडम. मंग मी कशाले?”

आधी मी त्यांचा नोझल बदलला. नोझल म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाचं तोंड. त्यांचा संत्र्याचा होता, गोल फवारा देणारा, आणि झिजून झिजून त्याचं भोक मोठं झालेलं. मी चपट्या फवाऱ्याचा नवा लावला. पाणी कमी झालं, पण पाय तसेच. जिथे मोथा दाट दिसेल तिथे डोमाजी थांबत. दोन वेळा हात फिरवत. जिथे मोथा नाही तिथे झपझप पुढे. त्यांचं म्हणणं होतं, दुश्मन जिथं जास्त तिथं मार जास्त. ऐकायला पटतं. पण फवारणीत असं चालत नाही, कारण दवाईचं माप सगळीकडे सारखं पडलं तरच ते माप.

मी घड्याळ लावून बघितलं, मोठ्याने आकडे मोजून बघितलं. डोमाजी माझ्या आकड्यांबरोबर दहा पावलं चालायचे आणि मोथा दिसला की विसरायचे. मग पाचव्या का सहाव्या फेरीत ते स्वतःशी काहीतरी गुणगुणायला लागले आणि पाय एकदम सारखे पडायला लागले. मी विचारलं. ते लाजले.

“भजन आहे जी. आमच्या मंडळात मी खंजेरी वाजवतो.”

“मग भजन म्हणतच चाला. मोठ्यानं म्हणा.”

“अन् मोथा दिसला तं?”

“मोथा दिसला तरी ठेका सोडायचा नाही. मध्येच कोणी उठून गेलं म्हणून मंडळात ठेका सोडता का?”

“नाई जी,” डोमाजी जरा दुखावूनच म्हणाले.

त्यानंतर चौकोन पाच लिटरमध्ये बसला. परत केला, परत बसला. कढईत पुऱ्या पडाव्यात तसे पाय पडत होते, एकसारख्या अंतराने. मला मनापासून आनंद झाला. माझ्या धंद्यात असा आनंद फार वेळा होत नाही आणि दुसऱ्याला समजावूनही सांगता येत नाही.

भाऊ नेमके तेव्हाच वास घ्यायला आले होते. माणूस भजन म्हणत पाणी मारतोय आणि बाई घड्याळ घेऊन उभी आहे, हे दृश्य त्यांच्या दृष्टीने चांगलं नव्हतं. दुपारपर्यंत सौसरच्या चौकात माझं नाव पान्यावाली मॅडम पडलं होतं.

मग खरी दवाई. मोथ्यावरची दवाई दाणेदार असते आणि अगदी थोडी लागते, म्हणून मी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा बाळगते. चौकोनापुरते दाणे मी त्यावर तोलले.

भाऊंनी वाकून पाहिलं. “हे तं चिमनीलेही पुरनार नाई.”

“चिमणीला मारायचं नाही भाऊ, मोथ्याला मारायचंय.”

डोमाजींनी भजन म्हणत चौकोन फवारला. मी दिलेले हातमोजे त्यांनी खिशात ठेवले होते, मळतील म्हणून. ते घालायला लावले. सगळं झाल्यावर मी भाऊंना समोर बसवून सांगितलं. “ही दवाई हळू काम करते. मोथा लगेच मरणार नाही. आधी नवी पानं थांबतील, मग पिवळा पडेल, मग गाठीपर्यंत जाईल. मला बोरगावला एका कारखान्याचं काम आहे. ते संपवून येते आणि आपण मोठ्या लॉनला हात लावू. तोपर्यंत कोणी काही करायचं नाही.”

भाऊंनी मान हलवली. ती मान लग्नाच्या धंद्यात तयार झालेली आहे, कोणासमोरही हलते.

बोरगावचं काम संपत आलं होतं तेव्हा पल्लवीचा फोन आला.

“मॅडम, तुमी लवकर या. बाबांनं पूर्न लॉनवर सेलिब्रेशन करून टाकलं.”

मी पोचले तेव्हा भाऊ गेटवर नव्हते. एरवी ते गेटवरच असतात. आत गेले आणि जागच्या जागी थांबले. गेटपासून स्टेजपर्यंतचं सगळं लॉन पट्ट्यापट्ट्यांचं झालं होतं. एक पट्टा पिवळा, एक काळपट हिरवा, मध्ये मध्ये करपलेले तपकिरी ठिपके, आणि परत पिवळा. पट्टे सरळही नव्हते. स्टेजजवळ ते वळून एकमेकांत शिरले होते.

डोमाजी खुर्च्यांच्या थप्पीमागे बसले होते. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी सगळं सांगितलं.

चौकोनातला मोथा दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत होता. तिसऱ्या दिवशीही होता. भाऊंचा धीर सुटला. त्यांनी दवाईच्या दुकानात जाऊन रीतसर विचारलं, पंपाले किती. दुकानदाराने सांगितलं, एक पुडी. माझ्या काट्याच्या मापाने एका पुडीत ढीगभर चौकोन झाले असते. भाऊंनी पुड्या आणल्या, वर पानाला दवाई चिकटवणारं औषध आणलं, आणि भर उन्हात स्वतः उभं राहून डोमाजींकडून मारून घेतल्या.

“पण तुमचे पाय तर जमले होते, डोमाजी. पाच लिटरमध्ये चौकोन होत होता. भजन का सोडलं?”

डोमाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी वावगं बोलले होते.

“भाऊ समोर उभे होते जी. मालकासमोर भजन म्हनू का?”

भजन गेलं, ठेका गेला. मालक बघताहेत म्हणून डोमाजी आणखी मन लावून, आणखी हळू चालले. पान न पान टपकवलं. हरळीचंही आणि मोथ्याचंही. आयुष्यात कमावलेली सगळी कला त्यांनी त्या लॉनवर ओतली.

दवाईचं माप बरोबर असलं तर ती मोथा ओळखते आणि हरळीला सोडते. माप सुटलं की ती कोणालाच ओळखत नाही. लॉन पिवळं पडायला लागलं. तेव्हा तरी मला फोन करायचा. पण भाऊंनी खुर्च्यांच्या खोलीतून खत फेकायची गाडी काढली. ही गाडी त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून मागवली होती आणि तिचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. दोन चाकं, वर टोपलं, खाली फिरणारी चकती, आणि दांड्याला आकडे असलेली खटकी. खटकी जितकी पुढे तितकं टोपल्याचं भोक मोठं. कंपनीवाले तिला स्प्रेडर म्हणतात. तिचंही माप काढावं लागतं. ताडपत्रीवर थोडी चालवायची, पडलेलं खत गोळा करून तोलायचं, मग खटकी ठरवायची. भाऊंनी खटकी शेवटच्या आकड्यावर ठेवली, युरिया भरला आणि लॉनवर वरातीतल्या घोड्यासारखी गाडी फिरवली. जिथे युरिया बेताचा पडला तिथे काळपट हिरवं, जिथे ढीग पडला तिथे करपलं, जिथे गाडी गेलीच नाही तिथे पिवळं.

भाऊ तोवर आले. त्यांनी लॉनकडे हात केला. “तसं पाह्यलं तं मॅडम, टीव्हीवर स्टेडियम असते, तसंच दिसते नं?”

मला राग आला की माझी नागपूरची भाषा उतरते आणि रामाकोन्याची चढते.

“भाऊ, काहून केलं तुमी असं? मी सांगतलं होतं का नाई, हात लावू नोका म्हनून?”

“तुमचीच दवाई आहे, मॅडम. तुमीच आनली होती पयले.”

“दवाई माही होती. माप कोनाचं होतं?”

“मापाचं काय. पंपाले एक पुडी. पूर्न दुनिया मारते.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते समजून घ्यायला आधी पाण्याचा एक पंप मारावा लागला असता. मी पाण्याचे पाइप लावायला सांगितले, युरिया जेवढा धुऊन खाली जाईल तेवढा जाऊ दे म्हणून. हरळी काही मरत नाही. माझ्या वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं. मुळातून परत आली असती, पण पावसाळ्यात. लग्न त्याच्या आधी होतं.

डेकोरेशनवाला नारद आला. नारद म्हणजे सौसरमधल्या सगळ्या हिरव्या मॅटिंगचा मालक. त्याने पट्टे बघितले आणि त्याचा चेहरा खुलला.

“भाऊ, टेन्शन काहून घेता? गेटपासून स्टेजपर्यंत मॅटिंग टाकून देतो. हिरवीच आहे. खाली काय आहे, कोन पाहाले येऊन राहिलं?”

“टाकून दे,” भाऊ म्हणाले.

पल्लवी तिथेच उभी होती. वळली आणि भट्ट्यांच्या मागे निघून गेली. मी तिच्या मागे गेले, कारण मलाही तिथे उभं राहवत नव्हतं. मला वाईट वाटत होतं, आणि थोडी लाजही वाटत होती, की माझं सगळं शास्त्र एका पुडीसमोर टिकलं नाही.

ती चुन्याच्या रेघेवर उभी होती. रेघ अजून तशीच होती; तिथे एकदा मारून झालंय म्हणून भाऊंनी पंप आणि गाडी दोन्ही रेघेबाहेरच ठेवली होती. आतला मोथा पिवळा पडून बसला होता, हाताने ओढला की येत होता. आणि हरळी हिरवीगार होती. सारखी, दाट, कुठेही डाग नाही. सगळ्या लॉनमध्ये लॉन म्हणावं असं तेवढंच होतं.

पल्लवीने चप्पल काढली आणि रेघेच्या आत पाय ठेवला.

“हे किती आहे, मॅडम?”

“दहा मीटर बाय दहा मीटर.”

“दोघाले पुरते,” ती म्हणाली.

त्यानंतर जे झालं ते भांडण होतं, पण लग्नघरात होतं तसं, दबक्या आवाजातलं. भाऊंना ती कल्पना सहनच होईना.

“भट्टीच्या मांगं लगन लावू? व्याही काय म्हनतीन? लोकं म्हनतीन, शेषरावनं आपल्या पोरीचं लगन वरनाच्या गंजाजवळ लावलं.”

“लोकं काहीही म्हनतीन, बाबा. त्याईले जेवन चांगलं भेटलं की ते विसरतात. तुमीच सांगता नं गिऱ्हाइकाले.”

भाऊ हे खरोखरच प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात.

“बाबा, मी इथं मोठी झाली. मी एक लगन नाई पाह्यलं गवतावर लागताना. लॉन तुमचं आहे. एक माहं तं लागू द्या.”

भाऊंनी चौकोनाकडे पाहिलं. मग गेटकडे, पट्ट्यांकडे. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि दुपट्टा तोंडावरून जरा उशिराच बाजूला घेतला. मग ते एकदम धंद्याच्या आवाजात ओरडले.

“नारद, मॅटिंग वापस घेऊन जा. अन् भट्ट्या इथून उचला. समोर लावा, गेटच्या बाजूनं. ती जागा तशीही जळलीच आहे.”

लग्नाच्या संध्याकाळी पाहुणे गेटमधून आत आले ते थेट स्वयंपाकात. डाव्या हाताला पुऱ्यांची कढई, उजव्या हाताला बुंदी, मधून वाट. खालचे पट्टे फारसे कोणी पाहिले नाहीत, कारण सगळ्यांचं लक्ष कढईत होतं. सौसरमध्ये इतकं आनंदी स्वागत मी कुठल्या लग्नात पाहिलं नाही. नागपूरच्या पाहुण्यांना वाटलं ही नवी फॅशन आहे. लाइव्ह किचन की काय म्हणतात ते.

खुर्च्या उलट्या फिरवल्या होत्या. स्टेज मागे रिकामं पडलं आणि सगळी मंडळी चौकोनाकडे तोंड करून बसली. चुन्याच्या रेघेवर पल्लवीच्या मैत्रिणींनी झेंडूच्या पाकळ्या टाकल्या होत्या. नवरदेवाच्या आईने चौकोनात येताना चपला बाहेर काढल्या, पायाने गवत दाबून बघितलं आणि भाऊंना म्हणाली, “हे किती छान ठेवलंय. समोरच्याला मात्र तुम्ही रंग दिलाय का?”

“डिझाइन आहे ते,” भाऊ म्हणाले.

अंतरपाट धरला. पल्लवी अनवाणी उभी होती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मागून, कढईच्या बाजूने, डोमाजी हळू आवाजात त्यांच्यात सूर मिसळायला लागले. ठेका अगदी बरोबर होता. मला भरून आलं. माझ्या अनेक वर्षांच्या नोकरीत त्या गोल्फच्या मैदानावर मोठमोठी माणसं चालून गेली, पण त्यातल्या एकानेही पायाखाली पाहिलं नव्हतं. ही पोरगी अक्षता पडत असताना खाली पायाकडे बघून हसत होती.

धंद्याची गोष्ट एवढीच की दवाई किती पडणार हे पुडी ठरवत नाही, खटकी ठरवत नाही, चालणारे पाय ठरवतात. आणि पाय कसे चालणार हे शेजारी कोण उभं आहे यावर असतं. म्हणून हल्ली फवारणीच्या वेळी मी मालकाला चहा प्यायला पाठवते.

पावसाळ्यात हरळी मुळातून फुटली आणि तिच्याबरोबर पुढच्या लॉनवरचा मोथाही, कारण तो वरून जळला तरी खालच्या गाठी जिवंत होत्या. भाऊंनी मला परत बोलावलं. या वेळी डोमाजी मोठ्याने भजन म्हणत सगळ्या लॉनवरून चालले आणि भाऊ गेटबाहेर थांबले. मागच्या कोपऱ्यात आता कठडा आहे, वर दिव्यांची माळ आहे आणि पाटी आहे: “सेलिब्रेशन कॉर्नर”. लग्नं तिथेच लागतात. मॅटिंग टाकायला मनाई आहे. नारदने माझ्याशी बोलणं सोडलं आहे.

परवा मी गेले तेव्हा मुलीकडचे लोक जागा बघायला आले होते. हाच कोपरा एवढा हिरवा कसा, असं त्यांनी विचारलं. भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“तिथं आमच्या मॅडमनं पयले पान्याचं सेलिब्रेशन केलं होतं,” ते म्हणाले. “बाकीच्या जागेवर आमी डायरेक्ट दवाई मारली.”